घरात अंडं येत नाही, आणि कुकी एक्सचेंज मात्र आपल्याकडे

मावशी,
आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. शेजारच्या आजी दर डिसेंबरात गल्लीतल्या बायकांसाठी कुकी एक्सचेंज ठेवतात, म्हणजे आपापल्या कुकी आणून एकमेकींत वाटून घ्यायच्या. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. "या वर्षी तुझ्याकडे करशील का?" असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. तेव्हापासून झोप उडाली आहे. मी अंडं खात नाही, घरातही आणत नाही. नवरा आणि मुलगी बाहेर केक वगैरे खातात. आमचा ओव्हन आजवर कढया ठेवायलाच वापरला गेलाय. त्यात नोव्हेंबरअखेर सासूबाई येतायत, आणि घरात अंड्याचं काही आलेलं त्यांना चालणार नाही. एका शेजारणीच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असंही ऐकलंय. किती जणींना बोलवू? कोणी किती आणायचं? मी नानखटाई केली तर तिला कुकी म्हणतील का? आणि निघताना प्रत्येकीला भेट द्यायची असते का?
– एक सून, ओहायो

अगं, आधी एक वही घे आणि आजींकडे जाऊन बस. फोन नको, मेसेज तर नकोच. कोण कोण येतं, कोणाच्या कुकीची सगळ्या जणी वाट बघतात, कोणाला काय सोसत नाही, कोणाचं कोणाशी सध्या पटत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ असणार. इतकी वर्षं सांभाळलेला हा वसा त्यांनी तुझ्या हाती दिलाय. गल्लीत इतर बायका होत्याच की, तरी त्यांनी तुझं दार वाजवलं. तेव्हा तू परकी आहेस, तुला जमेल का, लोक काय म्हणतील, हे प्रश्न आजींनी आधीच निकालात काढले आहेत. पार्टीच्या दिवशी त्यांच्यासाठी टेबलापाशी हातांची, जरा उंच खुर्ची ठेव. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खोल सोफ्यातून उठणं फार त्रासाचं असतं. आणि वाटपाची सुरुवात त्यांच्या हातून होऊ दे.

आता हिशोब. कुकी एक्सचेंजचा सगळा डोलारा हिशोबावर उभा असतो. प्रत्येकीने एकच प्रकार भरपूर करून आणायचा आणि घरी जाताना सगळ्यांच्या थोड्या थोड्या न्यायच्या. नाताळात इथल्या घरांत आठ-दहा प्रकार हवेच असतात. ते सगळे एकटीने करायचे तर आठवडा मोडतो. वाटून घेतले तर एका दुपारचं काम.

तुझ्यासकट दहा जणी धर. प्रत्येकीने ६ डझन, म्हणजे ७२ कुकी आणायच्या. त्यातल्या ६० वाटपाच्या, दहा जणींना प्रत्येकी ६. उरलेल्या १२ तिथल्या तिथे चाखायच्या ताटात. म्हणजे घरी जाताना प्रत्येकीच्या डब्यात दहा प्रकारच्या सहा-सहा, एकूण ६०. आठच जणी असतील तर ५ डझन पुरतात: ४८ वाटपाच्या, १२ चाखायच्या. बारा जणी झाल्या की आकडा ७ डझनांवर जातो, आणि नोकरी करणाऱ्या बाईला डिसेंबरात ७ डझन कुकी भाजायला लावणं मला रास्त वाटत नाही. आठ ते दहा, त्याच्या पुढे जाऊ नकोस. आणि शेवटच्या दिवशी एखादी आजारी पडली तर घाबरू नकोस. बाकीच्यांच्या ताटांत तिच्या वाटच्या सहा-सहा उरतील, त्यांचा डबा भरून तिच्या दारात ठेवून ये.

आकडा आमंत्रणातच स्पष्ट लिही. "थोड्याशा आणा" असं भिडेपोटी लिहिलंस तर एक जण दोन डझन आणेल, दुसरी आठ, आणि वाटप करताना दोघीही अवघडतील. आमंत्रणात एवढं हवंच: एकच प्रकार, किती नग, घरी न्यायला रिकामा मोठा डबा, सोबत पाककृती, आणि "येते" कळवताना कुकीचं नाव. जी आधी कळवेल तिचा तो प्रकार, म्हणजे टेबलावर चार जणींच्या चॉकलेट चिप यायच्या नाहीत. डिसेंबरात तुमच्याकडे बर्फाचा भरवसा नसतो, म्हणून पर्यायी तारीखही टाक. शीर्षकात "ख्रिसमस" लिहायचं की "हॉलिडे", हे आजींना विचार. गल्लीत ज्यू किंवा मुसलमान घरं असतील तर "हॉलिडे" बरं, नाहीतर त्या म्हणत आल्या तेच नाव राहू दे.

तारखेसाठी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर आधी बघ. नाताळाच्या आधीचे हे दिवस बहुतेक वर्षी मार्गशीर्षात येतात. सासूबाईंचे महालक्ष्मीचे गुरुवार असतील, दत्तजयंती असेल, शनिवारचा उपास असेल तर तोही. डिसेंबरचा दुसरा शनिवार-रविवार इथल्या लोकांना सोयीचा पडतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाचा शीण उतरलेला असतो आणि प्रवास अजून सुरू झालेला नसतो. त्या दोन दिवसांतला जो सासूबाईंना मोकळा, तो घे. दुपारी दोन ते चार.

ॲलर्जीचं ऐकीव ठेवू नकोस. त्या मुलाच्या आईला स्वतः फोन कर. मुलगा पार्टीला येणार नसला तरी ६० कुकींचा डबा त्याच्याच स्वयंपाकघरात जाणार आहे, आणि एकाच डब्यात ठेवलेल्या कुकींचा चुरा एकमेकींना लागतोच. तुझ्या राज्यात हा प्रश्न जास्तच येतो, कारण ओहायोच्या दोन लाडक्या गोष्टी शेंगदाण्याच्याच आहेत. एक बकाय: पीनट बटर आणि पिठीसाखरेचा गोळा, चॉकलेटात बुडवून वर डोळ्यासारखा गोल मोकळा ठेवलेला. दुसरी पीनट बटर ब्लॉसम, जिच्या मधोमध चॉकलेटचा ‘किस’ नावाचा शंकूसारखा छोटा तुकडा बसवलेला असतो. ती तर ओहायोतल्याच गिब्सनबर्गच्या फ्रिडा स्मिथ यांनी पिल्सबरी या पिठाच्या कंपनीच्या १९५७ च्या पाककृती स्पर्धेत पाठवली आणि मग देशभर पसरली. कोणीतरी यातलं एक करायचं ठरवून बसलेलं असणारच. म्हणून माझं मत असं की आमंत्रणातच लिही: यंदा शेंगदाणा नाही. कोणाला वाईट वाटणार नाही. इथल्या शाळांमुळे ही सवय लोकांना आहे. पीनट बटरच्या जागी सूर्यफुलाच्या बियांचं बटर वापरणाऱ्या मैत्रिणीला एवढं सांगून ठेव की सोड्याशी संयोग होऊन कुकी आतून हिरवट होते. खायला ती निर्धोक असते, पण माहीत नसलं तर माणूस सगळा घाणा फेकून देतो.

बदाम, अक्रोड, पिकान यांचं वेगळं विचार. शेंगदाणा न चालणाऱ्याला ते चालतात की नाही, हे त्याच्या घरच्यांनाच माहीत. प्रत्येक ताटासमोर कार्ड हवं: कुकीचं नाव, कोणी केली, आणि आत काय काय आहे. अमेरिकेत पाकिटबंद पदार्थांवर नऊ मुख्य ॲलर्जीकारक घटक सांगावेच लागतात: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे शेलफिश, बदाम-अक्रोडासारखे नट, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि २०२१ च्या कायद्याने भर पडलेले तीळ, जे १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. घरगुती पार्टीला कायदा लागत नाही, पण यादी तीच धर. आता तुझाच फराळ तपासून बघ. चिवड्यात शेंगदाणे, चकलीत तीळ. गोडाच्या जोडीला तू खारं ठेवशीलच, आणि ठेवच, कारण दोन तास नुसतं गोड कोणालाच जात नाही. फक्त चिवडा बिनशेंगदाण्याचा कर, आणि चकलीच्या कार्डावर तीळ लिही.

आता सासूबाई. तुझ्या पत्रातला खरा घोर हाच आहे, हे मला कळलं.

त्या विमानात बसण्याआधी त्यांना सांग. त्याहून बरं, तुझ्या नवऱ्याने सांगावं, त्याची आई आहे. "कुकीत अंडं नसतंच" असं सांगून वेळ मारून नेऊ नका. कार्डांवर तू स्वतःच अंडं लिहायला लावणार आहेस, आणि त्या वाचतील. खरं सांगायचं ते असं: शेजारणी घरी करून आणतील, त्यातल्या काहींत अंडं असेल, आपल्या ओव्हनमध्ये आणि आपल्या भांड्यांत काही शिजणार नाही, देवघराच्या बाजूला काही जाणार नाही, आणि संध्याकाळपर्यंत सगळं ज्याच्या त्याच्या घरी गेलेलं असेल. ताटं बायकांनी आपापली आणायची किंवा तू कागदी ट्रे आणायचे. तुझ्या वाटच्या कुकी नवरा ऑफिसात नेईल, काही मुलगी मैत्रिणीकडे नेईल. बेसमेंटमध्ये टेबल मांडावं, म्हणजे स्वयंपाकघराचा प्रश्नच येणार नाही, हा विचार तुझ्या मनात आला असेल. पण आजींच्या गुडघ्याला तो जिना झेपणार नाही. तेव्हा वरच, बाहेरच्या खोलीत.

एवढं सांगूनही सासूबाई नाही म्हणाल्या, तर घर त्यांचंही आहे आणि त्यांचं मन मोडून केलेल्या पार्टीत तुझाच जीव रमणार नाही. मग आमंत्रणात सरळ लिही की आमच्या घरी अंडं येत नाही, या वर्षी बिनअंड्याच्या कुकी करू या. हे लिहायला लाजू नकोस. बिनअंड्याचे प्रकार इथेही पुष्कळ आहेत. शॉर्टब्रेड म्हणजे नुसतं लोणी, साखर आणि मैदा. पिठीसाखरेत घोळवलेले स्नोबॉल, ज्यांना कोणी रशियन टी केक म्हणतं तर कोणी मेक्सिकन वेडिंग कुकी, त्यांत नट असतात पण अंडं नसतं. क्रीम चीजच्या पारीत जॅम भरलेल्या पोलिश कोलाच्की बहुधा अंड्याविनाच करतात.

तरी जमत असेल तर मी पहिला मार्गच घेईन. दहातल्या कोणा ना कोणाकडे पणजीच्या हातची पाककृती असते आणि तिच्यात अंडी असतात. ती करायला मिळावी म्हणूनच ती बाई डिसेंबरची वाट बघते. तिच्याकडून ते काढून घेऊ नये. त्याऐवजी आधी कळवणाऱ्या दोघी-तिघींना विचार, एखादी बिनअंड्याची करशील का, म्हणजे तुला आणि सासूबाईंनाही हात लावता येईल असं काहीतरी टेबलावर असेल. अंडं नाही म्हणजे शाकाहारी, असं मात्र समजू नकोस. मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांपासून करतात. न्यू मेक्सिकोची बिस्कोचितो, जी १९८९ पासून त्या राज्याची अधिकृत कुकी आहे, ती परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. जिंजरब्रेडवरच्या पांढऱ्या टणक आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग किंवा त्याची पूड असते. कार्ड वाचूनच उचल.

आणि सासूबाईंना खोलीत बसवून ठेवू नकोस. चकली त्यांच्या हातची असू दे आणि खाऱ्याचं टेबल त्यांच्या ताब्यात दे. गोव्यात नाताळाला ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे जे ताट जातं, त्यात नेवऱ्या असतात. त्या म्हणजे आपल्या करंज्याच. हे त्यांना सांग. सणाचं गोड शेजारी पोचवणं त्यांना नवीन नाही, फक्त इथे शेजारणी त्यांच्या दारात डबे घेऊन येतायत.

नानखटाईला कुकी म्हणतील का, असं विचारतेस. म्हणतील, आणि तीच कर. चॉकलेट चिप शिकायच्या भरीस पडू नकोस. ती करणाऱ्या इथे घरोघरी आहेत. तुझ्या राज्याच्या पूर्वेकडे, यंग्सटाउनच्या बाजूला, लग्नात कुकी टेबल मांडतात. नात्यातल्या बायका डझनांनी कुकी भाजून आणतात, त्यात इटालियन पिझेल असतात, पूर्व युरोपातून आलेल्यांच्या कोलाच्की असतात. जी माणसं जिथून आली त्यांनी तिथलं भाजून टेबलावर ठेवलं आणि ते ओहायोचं झालं. नानखटाईची कथाही अशीच फिरलेली आहे. सुरतेत डचांच्या बेकरीत काम करणाऱ्या पारशी कारागिरांच्या हातून ती आली असं सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात बायका रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायच्या आणि भाजून आणायच्या. हे चार ओळींत कार्डावर लिही, लोक आवडीने वाचतात.

प्रमाण वजनाने देते, कपाने नको. ७२ नगांसाठी मैदा ३६० ग्रॅम, बेसन १८०, बारीक रवा ९०, पिठीसाखर ३००, घट्ट रवाळ तूप ३७५ ग्रॅम. वेलदोड्याची पूड दीड चमचा, थोडं जायफळ, पाऊण चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. सगळा जीव तुपात आहे. पातळ केलेलं तूप घेतलंस तर नानखटाई ट्रेवर पसरून चपटी होते. घट्ट तूप आणि पिठीसाखर हाताने पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत फेस, घाई करू नकोस. मग चाळलेली पिठं घालून फक्त एकत्र आण, मळू नकोस. मिश्रण कोरडं वाटलं तर दूध घालू नकोस, चमचाभर तूप घाल. छोट्या लिंबाएवढे, साधारण १८ ग्रॅमचे गोळे करून वर किंचित दाब आणि ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. ओव्हन ३२५ फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १६५ सेल्सिअसवर पूर्ण तापू दे, आणि मधल्या कप्प्यात १६ ते १८ मिनिटं भाज. वरून रंग येण्याची वाट बघू नकोस. तळ फिकट सोनेरी झाला की बाहेर काढ. तेव्हा ती मऊच लागेल, हात लावू नकोस, गार होताना खुसखुशीत होते. वर पिस्ते-चारोळी लावायचा मोह टाळ, चार वेलदोड्याचे दाणे पुरेत. म्हणजे तुझ्या कार्डावर फक्त गहू आणि दूध राहील, शिवाय बेसन हरभऱ्याचं आहे हे लिही. शेंगदाणा न चालणाऱ्या काहींना इतर कडधान्यंही सोसत नाहीत, तेव्हा त्या मुलाच्या आईला हेही आधी सांग.

पण हे सगळं ओव्हन चालला तर. आजच कढया बाहेर काढ, आतली तेलाची पुटं पुसून घे आणि या आठवड्यात चौथाई प्रमाणाचा एक घाणा करून बघ. घरोघरचा ओव्हन काट्याप्रमाणे तापतोच असं नाही. पंधरा मिनिटांतच तळ काळवंडला तर तुझा ओव्हन जास्त तापतो, मग २५ अंश फॅरनहाइट कमी ठेव. नानखटाई हवाबंद डब्यात दोन आठवडे सहज टिकते, तेव्हा पार्टीच्या आदल्या रात्री जागायचं काही कारण नाही. आधीच्या शनिवारी करून ठेव.

त्या दिवसाचं फार काही सांगायला नको. स्लो कुकरमध्ये सफरचंदाचं सायडर, म्हणजे बिनमद्याचा रस, गरम ठेव, एका थर्मासात कॉफी, एकात आलं घातलेला चहा. नटवाल्या कुकी टेबलाच्या एका टोकाला, त्यांचा चिमटा वेगळा. सगळ्या जमल्यावर पहिला अर्धा तास चाखायचं ताट आणि गप्पा, मग एका बाजूने रांगेत फिरत प्रत्येकीने प्रत्येक ताटातल्या सहा उचलायच्या. वॅक्स पेपरच्या पट्ट्या आणि लहान पिशव्या हाताशी ठेव. मऊ आणि कुरकुरीत कुकी एकत्र ठेवल्या तर मऊचा ओलावा कुरकुरीतला लागतो आणि दोन दिवसांत सगळं सादळतं. पेपरमिंटच्या तर वेगळ्याच बांधायच्या, नाहीतर नानखटाईलाही पुदिन्याचा वास लागेल. लहान मुलं येणार असतील तर कुकी सजवायला द्या, कच्चं पीठ मात्र चाटू देऊ नका. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यातून जंतू पोटात जाऊ शकतात, म्हणून इथलं एफडीए, म्हणजे सरकारी अन्न-औषध खातंसुद्धा तसं न खाण्याचा सल्ला देतं.

सर्वांत चांगली कुकी कोणाची, असं बक्षीस ठेवायची सूचना कोणीतरी करेल. ठेवू नकोस. सगळ्यांनी सारखं आणायचं आणि सारखं न्यायचं, यात पहिला नंबर कुठे बसवणार? आणि एखादी म्हणाली की मला रात्रपाळ्या आहेत, भाजायला वेळच नाही, तर तिला बेकरीतून ६ डझन आणू दे. घरचंच हवं हा नियम चांगला आहे, पण त्या नियमापायी ती घरी बसली तर तो पाळून उपयोग काय? फक्त पाकिटावरची घटकांची यादी तिच्या कार्डावर लाव.

राहिली भेट. द्यायची नसते. आपल्याला रिकाम्या हाताने पाठवणं जड जातं, हळदीकुंकवाचं वाण अंगात मुरलेलं असतं, हे मला समजतं. पण प्रत्येकीच्या हातात ६० कुकींचा डबा असणार आहे, तीच भेट. तुला काही द्यायचंच असेल तर दहाही पाककृती एकत्र टाइप करून आठवडाभरात सगळ्यांना पाठव, आणि आजींसाठी तेवढी मोठ्या अक्षरांत छापून नेऊन दे.